शेण कोण उचलतं?

कागल तालुक्यातल्या माझ्या मामाच्या परड्यात गोबर गॅसचा एक घुमट आहे. जमिनीच्या वर त्याचा फक्त माथा दिसतो, पालथ्या घातलेल्या काहिलीसारखा. नव्वदीच्या दशकात सरकारी अनुदानातून तो बांधला आणि चारेक वर्षं चालला. आता त्या माथ्यावर मामी शेणी थापते. उन्हात तापलेल्या सिमेंटवर त्या लवकर वाळतात. म्हणजे शेण जाळायला लागू नये म्हणून जे बांधलं, त्याचा उपयोग जाळायचं शेण वाळवायला होतो आहे.

गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, हे बंद का पडलं? ती म्हणाली, "ग्यास चांगला हुता रं. पर शेण कालवायचं कुणी? तुझ्या मामानं एक दिवस तरी कालवलं का, इचार त्येला." मामा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "घुमटाला चीर गेली हुती." दोघांचंही खरं होतं. चीर गेली होती, आणि ती बुजवायला जो गवंडी लागत होता तो दुसऱ्या तालुक्यातला होता. ज्या कार्यालयातून अनुदान आलं तिथं चौकशी केली तेव्हा बांधकामाला पैसे आहेत, दुरुस्तीला नाहीत, असं उत्तर मिळालं. पण घरात कुणी हट्ट धरला असता तर चीर बुजली असती. हट्ट धरणारी एकटी मामी होती, आणि रोज सकाळी चार जनावरांचं शेण पाण्यात कालवून कोपरापर्यंत हात घालणारीही तीच. एक चूल वाचवायला एक काम वाढलं होतं. दारात सिलिंडर आल्यावर तिनं घुमटाचा विषय काढला नाही.

पशुपालकांनी पर्यावरणाला धरून चालणाऱ्या पद्धती का घेतल्या किंवा का नाकारल्या यावर बरंच बोललं जातं. जागृती कमी पडते, प्रशिक्षण कमी पडतं, अनुदान कमी पडतं. माझं म्हणणं सरळ आहे. जो अर्जावर सही करतो आणि जो शेण उचलतो, ती एकाच घरातली दोन वेगळी माणसं असतात, आणि आपल्या सगळ्या योजना सही करणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. शेण उचलणाऱ्या हाताचा भार हलका होणार असेल आणि त्याचा हिशेब दुधाच्या बिलात दिसणार असेल, तर ती पद्धत अनुदान नसतानाही पसरते. तसं नसेल तर फुकट दिलेली गोष्टसुद्धा परड्यात पडून राहते.

गोबर गॅस काही कालची गोष्ट नाही. खादी आयोगानं 1962 पासून लोखंडी टाकीचं मॉडेल गावोगाव नेलं. 1981-82 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 1984 मध्ये जमिनीखालच्या घुमटाचं स्वस्त 'दीनबंधू' मॉडेल आलं. आजवर देशात घरगुती संयंत्रांचा आकडा 50 लाखांच्या आसपास गेला आहे. हा आकडा बांधलेल्यांचा आहे. चालू किती, हे कळायला परड्यात जावं लागतं. 2 ते 4 घनमीटरच्या संयंत्राला केंद्राच्या 2021-26 च्या कार्यक्रमात सर्वसाधारण गटात 14,350 रुपये ठरले, आणि ते बांधकाम झाल्यावर, तपासणी झाल्यावर. त्यानंतर ते संयंत्र दहा वर्षं चाललं काय आणि दहा महिने चाललं काय, कागदावर फरक पडत नाही. सरकारनं मोजलं ते बांधकाम, म्हणून झालं तेही बांधकाम.

आता दुसरी बाजू पाहा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत नगर, पुणे, सोलापूर, सातारा या पट्ट्यात मुक्तसंचार गोठा पसरला. गायी दावणीला बांधायच्या नाहीत, कुंपण घातलेल्या आवारात मोकळ्या सोडायच्या, मधोमध गव्हाण आणि पाण्याचा हौद. याच्या प्रसाराला फारसं अनुदान लागलं नाही आणि भाषणंही लागली नाहीत. एकानं केलं, पाव्हण्यांनी येऊन बघितलं, मोबाईलवर व्हिडिओ फिरले. का पसरला? कारण बंदिस्त गोठ्यात दिवसातून दोन-तीनदा शेण काढायचं, फरशी धुवायची, प्रत्येक जनावरापुढे पाण्याची बादली न्यायची. मुक्तसंचार गोठ्यात शेण जनावरांच्या पायाखाली तुडवलं जाऊन वाळतं, ते महिन्या-दोन महिन्यांनी भरलं तरी चालतं. पाणी गाय स्वतः जाऊन पिते. एका बाईच्या दिवसातले तास वाचले. गायींचे खूर, कास, माज यांत फरक पडला, तो दुधात दिसला.

यातली गंमत अशी की ही पद्धत पर्यावरणाच्या हिशेबातही उजवी आहे. गोठा धुण्याचं पाणी वाचतं, शेणपाणी गटारातून ओढ्याला जात नाही. आणि शेण कोरडं पडलं तर त्यातून मिथेन, म्हणजे गोबर गॅसमधला मुख्य आणि हवामान तापवणारा वायू, फार कमी सुटतो, कारण मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना हवाबंद ओल लागते. हे कुठल्याही गोठामालकानं मला सांगितलं नाही. पर्यावरण हा शब्दच त्यांच्या बोलण्यात नव्हता. बोलणं होतं ते कंबरेचं.

अर्थात हा गोठा सगळ्यांना जमत नाही. वस्तीवर, रानात राहणाऱ्याला जमतो. कोल्हापूरकडच्या दाट गावठाणात घराला घर लागून, दारात म्हैस, शेत दोन किलोमीटरवर, तिथं आवार आणायचं कुठून? तिथं उकिरडा रस्त्याच्या कडेला असतो आणि पावसाळ्यात तो रस्त्यावर येतो. पंचगंगेच्या प्रदूषणावर सभा भरतात तेव्हा साखर कारखाने, शहराचं सांडपाणी यांवर बोललं जातं आणि ते योग्यच आहे, पण गावागावातून ओढ्यानं येणारं शेणपाणीही त्याच नदीला मिळतं. त्या शेणपाण्यासाठी मामीला दोष देणं म्हणजे कहरच. तिच्याकडे ते टाकायला दुसरी जागाच नाही.

इथं एक अडचणीची गोष्ट सांगून टाकतो, कारण गोबर गॅसची बाजू मांडणारे ती सहसा सांगत नाहीत. चीर गेलेला, गॅस गळणारा घुमट हा साध्या उकिरड्यापेक्षा वाईट. उकिरड्यातलं शेण निदान वरून वाळतं. घुमटात आपण मुद्दाम हवाबंद ओल तयार करतो, मिथेन बनवतो आणि तो जाळण्याऐवजी हवेत सोडतो. म्हणजे दुरुस्तीची सोय नसेल तर बांधकामाचं अनुदान हे प्रदूषणाला दिलेलं अनुदान ठरू शकतं.

आणि दुसरी, त्याहून मोठी. आपल्या जनावरांच्या मिथेनचा फार मोठा हिस्सा शेणातून येतच नाही, तो रवंथ करताना ढेकरातून येतो. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 19 कोटी गोवंश आणि 11 कोटी म्हशी होत्या. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत मिथेन कमी करण्याच्या जागतिक प्रतिज्ञेवर भारतानं सही केली नाही, त्यामागे ही 30 कोटी जनावरं आणि त्यांवर जगणारी छोटी घरं होती. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. दोन म्हशींच्या घराला डेन्मार्कच्या गोठ्याच्या मापानं मोजता येत नाही. पण सही केली नाही म्हणजे काही करायचंच नाही असा अर्थ काढला गेला, तो मात्र खटकतो.

कारण ढेकर कमी करायचा रस्ता गव्हाणीतून जातो आणि तोच रस्ता फॅट वाढवण्याचाही आहे. आमच्याकडे हंगामात उसाचं वाडं फुकट मिळतं, म्हणून सहा महिने जनावराला वाडंच. पोट भरतं, अंगी लागत नाही. असा निकृष्ट, चिवट चारा जितका जास्त, तितका लिटरमागे मिथेन जास्त आणि दूध कमी. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला, त्यात खर्च घटला, दूध वाढलं आणि मिथेनही कमी झाला. बंगळूरच्या पशुपोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं खाद्यपूरक काढलं, त्यानं मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी घटतो असं संस्था सांगते. यातलं आमच्या गावात काय पोचलं? मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेली हिरवी वैरण, पोचला. वाड्याच्या सहा महिन्यांनंतर उन्हाळ्यात हिरव्या वैरणीसाठी जी वणवण व्हायची ती मुरघासाच्या पिशव्यांनी थांबवली. मका कापणारं यंत्र रानात येतं, पिशवी भरून मिळते, डोक्यावरचा भारा सुटतो. पुन्हा तेच. ज्या डोक्यावर भारा होता त्या डोक्यानं ती गोष्ट उचलून धरली. आहाराचं संतुलन मात्र आलं नाही, कारण कुठल्या म्हशीला कुठलं खाद्य किती हे सांगणारा माणूस दारात आला नाही. येते ती दूध संघाची गोळी पेंड, उधारीवर, पोत्यानं.

भाकड जनावरांचा विषय टाळणं सोयीचं असतं, पण टाळता येत नाही. 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्या कायद्याच्या धार्मिक-राजकीय वादात मी इथं शिरत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र त्याचा अर्थ एवढाच की गोवंशातलं दूध न देणारं जनावर विकण्याचा बाजार आटला. ते खातं, ढेकर देतं, शेण टाकतं, नाहीतर रस्त्यावर सोडलं जातं. मग लिंगनिर्धारित वीर्यमात्रा आल्या. त्यांनी दहातल्या नऊ वेळा कालवड होते, आणि पाहता पाहता शेतकऱ्यांनी त्या मागायला सुरुवात केली. बंदीनं निर्माण केलेला प्रश्न शेतकऱ्यानं रेतनाच्या नळीतून सोडवायला घेतला आहे. पोसायला लागणारी निरुपयोगी तोंडं कमी झाली तर मिथेनही कमी होईल, पण त्यासाठी कुणी ते केलं नाही.

परदेशात काय चाललं आहे ते थोडक्यात, कारण आपल्याकडे दोन टोकांची उदाहरणं दिली जातात. नेदरलँड्समध्ये 2019 मध्ये नायट्रोजन प्रदूषणावरचा न्यायालयीन निकाल आला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आणि 2023 च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या नव्या पक्षानं बाजी मारली. न्यूझीलंडनं जनावरांच्या ढेकरावर आकारणीची योजना 2022 मध्ये मांडली, सरकार बदललं, 2024 मध्ये ती गुंडाळली. डेन्मार्कनं मात्र 2024 मध्ये शेतकरी संघटना आणि पर्यावरणवादी यांना एका टेबलाशी बसवून 2030 पासून असाच कर मान्य करून घेतला. डेन्मार्कमध्ये ते जमलं याचं एक कारण मला तिथल्या सहकारी दूध संस्थांच्या जुन्या परंपरेत दिसतं. शेतकऱ्याच्या वतीनं बोलणारी आणि बोललेलं पाळणारी यंत्रणा तिथं होती. कर आपल्याला नको. ती यंत्रणा मात्र आपल्याकडेही आहे, आणि तिला या कामाला आपण लावलेलंच नाही.

आपल्याच देशात शेणाला भाव देण्याचे तीन प्रयोग झाले आहेत आणि तिघांचं नशीब वेगळं आहे. छत्तीसगडनं 20 जुलै 2020 रोजी, हरेली सणाच्या दिवशी, दोन रुपये किलोनं शेण विकत घ्यायला सुरुवात केली. लोकांनी शेण आणलं, भूमिहीनांनीही आणलं, हातात रोख आली. पण पैसा सरकारचा होता आणि तयार झालेलं खत घ्यायला शेतकरी उत्सुक नव्हता. 2023 च्या डिसेंबरात सत्ता बदलली आणि योजना थांबली. गुजरातेत बनास डेअरीनं दामा गावात रोज 40 टन शेणावर चालणारा सीएनजीचा प्रकल्प टाकला, ती किलोला एक रुपया देते. तिथं भाव निम्मा आहे, पण घेणारा दूध संघच आहे, आणि तो निवडणुकीनंतर उठून जात नाही.

तिसरा प्रयोग आणंद जिल्ह्यातल्या झकारियापुरा गावचा, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा. तिथं दुग्धविकास मंडळानं घराशेजारी लवचिक पिशवीचे छोटे बायोगॅस बसवले. गॅस घरात चुलीला. बाहेर येणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेलं पातळ शेण, आधी स्वतःच्या शेतात, उरलेली बायकांची सहकारी संस्था दर्जा तपासून विकत घेते आणि तिच्यापासून खतं बनतात. दूध जसं फॅटवर, तशी स्लरी तिच्या कसावर. इथं शेण कालवणाऱ्या बाईला गॅसही मिळतो आणि पैसेही, आणि पैसे तिच्या संस्थेतून येतात. शेणात पाणी जास्त घातलं तर भाव पडतो, त्यामुळे संयंत्र नीट चालवणं तिच्या फायद्याचं होतं. तपासणीला अधिकारी यावा लागत नाही.

हे जसंच्या तसं उचलून कोल्हापुरात ठेवता येईल असं मी म्हणत नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि तेवढंच पाणी. रोज शंभर लिटरच्या आसपास पातळ स्लरी निघते, तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पाणी वाहून नेणं परवडत नाही. गावातल्या गावात, चार-पाचशे मीटरच्या आत तिचा वापर किंवा गाळणी झाली तरच गणित बसतं. दोन जनावरांच्या घराला तर स्वतंत्र संयंत्र झेपतच नाही, तिथं गल्लीचं मिळून एक लागेल, आणि सामाईक गोष्टीला कालवणारा हात कुणाचा हा प्रश्न पुन्हा उभा राहील. 2018 मध्ये सुरू झालेल्या गोबरधन या सरकारी योजनेत 2020 च्या टप्प्यात जिल्ह्याला 50 लाखांपर्यंत निधीची सोय झाली. तो ग्रामपंचायतीच्या वाटेनं येतो. ग्रामपंचायतीत मामी वर्षातून एकदा जाते, दाखल्यासाठी.

दूध संस्थेत ती रोज दोनदा जाते. पहाटे आणि संध्याकाळी, किटली घेऊन. संस्थेला तिच्या म्हशीचं फॅट ठाऊक आहे, म्हैस कधी आटली ते ठाऊक आहे, तिच्यावर किती उचल आहे ते ठाऊक आहे. दर दहा दिवसांनी बिल निघतं, दिवाळीला दर फरक, म्हणजे वर्षभरात घातलेल्या दुधावरची वाढीव रक्कम, मिळतो. त्या फरकावर गावात लग्नं ठरतात, दागिने मोडले-जोडले जातात. शेतकऱ्याच्या वागण्यावर एवढा रोजचा, पैशाचा आणि विश्वासाचा ताबा असलेली दुसरी संस्था ग्रामीण महाराष्ट्रात नाही. कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघानं अलीकडे कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे प्रदूषण घटवल्याबद्दल मिळणाऱ्या विक्रीयोग्य श्रेयाच्या, आधारावर सभासदांच्या दारात पिशवीचे बायोगॅस बसवायला सुरुवात केली, हे योग्य दिशेचं पाऊल आहे. तिकडे तळकोकणात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठाननं गावोगाव गोबर गॅस उभे केले. स्थानिक माणूस हाताशी ठेवून हे काम चालवता येतं, हे तिथं दिसतं.

हे सगळं दुधाच्या दराशी बांधलेलं आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. जुलै 2023 मध्ये सरकारनं गायीच्या दुधाला 34 रुपये दर जाहीर केला. तो काही महिनेही टिकला नाही, आणि जानेवारी 2024 मध्ये लिटरला पाच रुपये अनुदान द्यायची वेळ आली. पुढच्या बिलात किती येतील हे ज्याला माहीत नाही तो पाच वर्षांनी फळ देणाऱ्या कामात पैसे घालत नाही, मग ते काम कितीही चांगलं असो. अशा माणसाला हवामान बदलावर प्रशिक्षण देऊन वर चहा-बिस्किटं देणं हा मला निव्वळ निर्दयपणा वाटतो. तो बिचारा ऐकून घेतो, हजेरीवर सही करतो आणि धारेच्या वेळेला घरी पोचण्यासाठी मधूनच उठतो.

गेल्या महिन्यात पिशवीच्या बायोगॅसची माहिती द्यायला गावात एक पोरगा आला होता. मामांनी विचारलं, अनुदान किती? मामीनं विचारलं, "मेकॅनिक कुठला हाय? मुरगूडचा का कोल्हापूरचा?" त्या पोरानं तिच्याकडे बघितलंही नाही, तो मामांना हप्ते समजावत राहिला. मामीनं पदर खोचला आणि ती वैरण टाकायला गेली.

मी संस्थेच्या सचिवांना भेटलो. म्हटलं, स्लरीची सुद्धा नोंद ठेवा, बाईच्या नावानं, आणि भाव ठरवून बिलात द्या. सुरुवातीला दहा घरं घ्या. गावातल्याच दोन पोरांना दुरुस्ती शिकवा, त्यांचा पगार पेंडीच्या कमिशनमधून निघेल. माणूस भला आहे, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग संगणकावर मामीचं बिल काढून माझ्यासमोर धरलं. कपातीच्या बाजूला ओळीनं लिहिलेलं होतं: पेंड, वैरण बियाणं, औषध, विमा, कर्ज हप्ता, शेअर्स. जमेच्या बाजूला एकच ओळ होती, दूध. "इथं दुसरी ओळ घालायची झाली," ते म्हणाले, "तर सॉफ्टवेअरवाल्याला सांगावं लागेल. आजवर कुणी मागितलीच नव्हती."